सेबीने अडवलं नाही, म्हणजे परवानगी मिळाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची कंपनी सूचीबद्ध आहे. त्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका सूचीबद्ध कंपनीचे १८ ते २० टक्के शेअर बाजारातून हळूहळू घ्यावेत असं संचालक मंडळाच्या मनात आहे. मर्चंट बँकर म्हणतो, २५ टक्क्यांच्या खाली राहा, ओपन ऑफर (बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव) लागत नाही, निर्धास्त असा. कंपनी सेक्रेटरी म्हणून तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत. यात स्पर्धा आयोगाचा, म्हणजे धंद्यातली स्पर्धा टिकवायला नेमलेल्या नियामकाचा, संबंध येतो का? आणि येत असेल, तर सेबी, म्हणजे शेअर बाजाराचा नियामक, आणि आयोग यांच्यात शेवटी शब्द कोणाचा चालतो?

संबंध येतो. मर्चंट बँकर खोटं बोलत नाही, अर्धं बोलतोय. २५ टक्क्यांचा आकडा सेबीच्या २०११ च्या टेकओव्हर नियमांतला आहे आणि त्या नियमांना चिंता छोट्या भागधारकाची आहे: कंपनीचा ताबा बदलताना त्यालाही बाहेर पडायची संधी आणि रास्त भाव मिळावा. स्पर्धा कायद्याला त्या भागधारकाशी कर्तव्य नाही. त्याला काळजी गिऱ्हाइकाची आहे. काल एकमेकांचे भाव पाडणारे दोघे उद्या एका घरात नांदायला लागले तर गिऱ्हाईक कुठे जाणार, एवढंच तो विचारतो. आणि हा प्रश्न विचारायला २५ टक्के व्हावे लागत नाहीत.

बावीस-तेवीस वर्षं या कामात घालवल्यावर मला एक सवय लागली आहे. समोर कागद आला की आधी विचारायचं: ही गोष्ट सेबीने करायला सांगितली आहे, करू दिली आहे, की तिची नुसती मनाई केलेली नाही? तिन्ही उत्तरं बोलताना एकसारखी वाटतात. बैठकीत तर सर्रास ‘सेबीला चालतं’ या दोन शब्दांत गुंडाळली जातात. आयोगापुढे गेल्यावर मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुमच्या २० टक्क्यांची गोष्ट तिसऱ्या प्रकारातली आहे. सेबीने मनाई केलेली नाही, इतकंच.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. आपल्याकडचंच, पुणे आणि गोवा या दोन्हींशी नातं असलेलं एक प्रकरण आहे. मंगलोर केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या खत कंपनीवर दोघांचा डोळा होता: पुण्याची दीपक फर्टिलायझर्स आणि गोव्यात मूळ असलेला झुआरी समूह. ३ जुलै २०१३ रोजी दीपकच्या एस.सी.एम. सॉइलफर्ट या उपकंपनीने मंगलोर केमिकल्सचे २४.४६ टक्के शेअर बाजारातून उचलले. आकडा पाहा. पंचवीसला जेमतेम अर्धा टक्का कमी. टेकओव्हर नियमांच्या दृष्टीने काटेकोर काम. पुढे २३ एप्रिल २०१४ रोजी आणखी ०.८ टक्के घेतले, रेषा ओलांडली, ओपन ऑफरची घोषणा झाली आणि त्यानंतर महिन्याभरात, मे महिन्यात, स्पर्धा आयोगाकडे सूचना, म्हणजे मंजुरीसाठीचा अर्ज, दाखल झाली.

आयोगाने व्यवहाराला मंजुरी दिली. बाजारातल्या स्पर्धेला धोका नाही असंच म्हटलं. पण शेअर आधी घेतले आणि सांगितलं नंतर, म्हणून फेब्रुवारी २०१५ मध्ये २ कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीचा बचाव असा की २४.४६ टक्के ही ‘केवळ गुंतवणूक’ होती, त्यामुळे सूचना द्यायची गरजच नव्हती. आणि नंतरचे शेअर एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, ठेवले होते, त्यांवर मतदान केलं नव्हतं. अपिलीय न्यायाधिकरणाने हे मानलं नाही. १७ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही मानलं नाही. घेणारा आणि ज्याचे शेअर घेतले तो, दोघे एकाच धंद्यात; दुसरा प्रतिस्पर्धी त्याच कंपनीत हिस्सा वाढवतोय; अशा वेळी पाव कंपनी विकत घेणं ही निव्वळ गुंतवणूक कशी? आणि कायद्याला सूचना आधी हवी आहे, वरातीमागून घोडं चालत नाही. शेअर एस्क्रोत ठेवल्याने खरेदी झालेली नाहीशी होत नाही. कंपनी अखेरीस झुआरी समूहाकडेच गेली, हा भाग वेगळा.

या निकालातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते दंडाच्या रकमेत नाही. व्यवहार निर्दोष होता, मंजूरही झाला, तरी दंड झाला. स्पर्धा कायद्यात ‘चूक’ म्हणजे बाजार बिघडवणं एवढंच नाही. विचारायच्या आधी हात घालणं हीसुद्धा चूकच. आज हा दंड मालमत्ता, उलाढाल किंवा व्यवहारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्याच्या १ टक्क्यापर्यंत जाऊ शकतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या काळी कंपन्यांची पंचाईतही खरी होती. बाजारातून शेअर घेताना गुप्तता हाच जीव असतो. आधी आयोगाकडे अर्ज करायचा म्हणजे व्यवहाराचा सारांश आयोगाच्या संकेतस्थळावर येणार, दुसऱ्या दिवशी भाव उसळणार, आणि ज्याला घ्यायचे तोच महागात घेणार. सेबीचे नियम म्हणत होते, रेषा ओलांडली की त्याच दिवशी जाहीर घोषणा करा आणि ठरलेल्या वेळापत्रकाने पुढे जा. स्पर्धा कायदा म्हणत होता, आमची मंजुरी येईपर्यंत थांबा. दोन्ही कायदे एकाच वेळी पाळणं म्हणजे दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहणं.

ही गाठ सोडवली स्पर्धा कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६अ ने. १० सप्टेंबर २०२४ पासून ते लागू आहे. ओपन ऑफर असो किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारावर वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून एकामागून एक केलेली खरेदी असो, आता आधी घेता येतं; मात्र पहिल्या खरेदीपासून ३० दिवसांत आयोगाला सूचना द्यायची आणि मंजुरी येईपर्यंत त्या शेअरच्या जोरावर मालकी गाजवायची नाही. लाभांश, बोनस, हक्कभाग असे आर्थिक फायदे घेता येतात, शेअर विकताही येतात. मतदान मात्र दिवाळखोरी किंवा कंपनी गुंडाळण्यासारख्या विषयांपुरतंच. थोडक्यात, दीपक प्रकरणातला एस्क्रोचा बचाव तेव्हा फेटाळला गेला, पण त्यामागचं दुखणं कायद्याने दहा वर्षांनी मान्य केलं.

इथे एक खड्डा आहे. कलमाची भाषा ‘वेगवेगळे विक्रेते’ आणि ‘व्यवहारांची मालिका’ अशी आहे. प्रवर्तकाशी खोलीत बसून करार केला आणि शेअर बाजाराच्या खिडकीतून फिरवून घेतले, तर त्याला ही सवलत मिळेल असं मी धरून चालणार नाही. ओळखीच्या एका विक्रेत्याकडून एका फटक्यात ब्लॉक डीलने १५ टक्के घेणार असाल तर आधी सूचना द्या, मग हात घाला. उशीर परवडतो.

तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. ‘केवळ गुंतवणूक’ ही सूट अजून आहे, पण २०२४ च्या सूट-नियमांनी तिला चांगलंच कुंपण घातलंय. दोन कंपन्यांच्या धंद्यात कुठेच एकमेकांवर आच्छादन नसेल (म्हणजे दोघांचे धंदे कुठेच एकमेकांत मिसळत नसतील), संचालक मंडळात जागा किंवा निरीक्षक नसेल, समोरच्या कंपनीची व्यापारी दृष्टीने नाजूक माहिती मिळण्याचा हक्क नसेल, तर २५ टक्क्यांपर्यंत वाट मोकळी आहे. आच्छादन असेल तर १० टक्क्यांच्या पुढे ही सूट मिळत नाही. तुम्ही म्हणताय ‘त्याच धंद्यातली कंपनी’, आणि तुमचा आकडा १८ ते २०. म्हणजे सूट गेली. उरतं ते आकारमान: समोरच्या कंपनीची भारतातली मालमत्ता ४५० कोटींच्या आत किंवा उलाढाल १,२५० कोटींच्या आत असेल तर लहान व्यवहार म्हणून सुटका होऊ शकते, व्यवहारमूल्य २,००० कोटींच्या वर जात नसेल तर. तिचा ताळेबंद काढून बसा. मर्चंट बँकरला हे आकडे विचारू नका; त्याच्या डोक्यात पंचवीसच बसलेले असतात.

आणि आच्छादन म्हणजे फक्त तुमचं मुख्य उत्पादन नव्हे. तुमच्या समूहातली कुठलीही कंपनी, जिथे तुमचा हिस्सा आहे अशी कुठलीही कंपनी, त्यांचा कच्चा माल, त्यांचे वितरक, सगळं मोजलं जातं. मागे एका प्रवर्तकाने मला छातीठोकपणे सांगितलं होतं की त्याचा आणि समोरच्याचा काडीचा संबंध नाही, हे रंग बनवतात आणि आम्ही रसायनं. तासाभराने निघालं की मेहुण्याच्या कंपनीत यांचे २६ टक्के आहेत आणि मेहुणा रंगच बनवतो.

पुढची अडचण वेळापत्रकाची आहे. आज ना उद्या तुम्ही ओपन ऑफरपर्यंत जालच असं गृहीत धरून सांगतो. सेबीच्या नियमांत भागधारकांना पैसे मिळायची मुदत बांधलेली असते. कायदेशीर मंजुरी अडकली म्हणून ती वाढवून मिळते, पण त्या उशिरासाठी वर्षाला १० टक्के दराने व्याज मोजावं लागतं. आयोगाकडची कमाल मुदत आता १५० दिवसांची आहे. म्हणजे आयोगाने दुसऱ्या टप्प्याची चौकशी लावली, तर तिचं मीटर सेबीच्या बाजूला व्याजाच्या रूपाने पडत राहतं. याचा फायदा कोण उठवतो माहीत आहे? धंद्यात नसलेला प्रतिस्पर्धी. एखादा खासगी गुंतवणूक निधी तुमच्याविरुद्ध प्रतिस्पर्धी ऑफर घेऊन आला, तर त्याला आयोगाकडून झटपट मंजुरी मिळते, कारण त्याचं कुठे आच्छादनच नाही. तुम्ही त्याच धंद्यातले, म्हणून तुम्हीच ताटकळत. स्पर्धा कायद्याने घातलेली ही अट शेअर बाजारातल्या लिलावात असा वजनाचा फरक पाडते, आणि भाव ठरवताना तो आधीच धरावा लागतो.

आता ज्या गोष्टीने मी सगळ्यात जास्त कंपन्यांना गोत्यात येताना पाहिलंय ती सांगतो. माहितीची देवाणघेवाण. सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम म्हणतात: भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती रास्त कारणासाठी देता येते; व्यवहारापूर्वीची तपासणी, म्हणजे ड्यू डिलिजन्स, हे तसं कारण ठरू शकतं; कोणाला काय दिलं याची नोंद डिजिटल डेटाबेसमध्ये ठेवा, गोपनीयतेचा करार करा, संपलं. कंपनी सेक्रेटरीला हे तोंडपाठ असतं. नोंदवही चोख असते.

आणि त्या चोख नोंदवहीतच पुरावा तयार होत असतो. एका व्यवहारात, कंपनीचं नाव सांगत नाही, समोरच्या कंपनीची ग्राहकवार दरपत्रकं डेटा रूममध्ये, म्हणजे तपासणीसाठी कागद ठेवायच्या ऑनलाइन कपाटात, ठेवली होती. उघडून वाचणाऱ्यांच्या यादीत घेणाऱ्या कंपनीचा विक्री विभागाचा प्रमुख होता. सेबीच्या दृष्टीने तो ‘नोंद असलेली व्यक्ती’, त्याने एक शेअरही विकत घेतला नव्हता, सगळं स्वच्छ. स्पर्धा कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाच्या विक्रीप्रमुखाने दुसऱ्याचे भाव वाचले, तेही व्यवहार पूर्ण व्हायच्या आधी. उद्या तो व्यवहार फिसकटला असता तर? भाव तर डोक्यात शिरलेले. ते पुसून कसे टाकणार? सुदैवाने आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्या माणसाला व्यवहाराच्या कामातून आणि त्या वर्षीच्या दरनिश्चितीतूनही बाजूला काढलं. विक्रीप्रमुख महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता.

यावरचा उपाय जुनाच आहे. नाजूक आकडे फक्त बाहेरच्या सल्लागारांनी आणि रोजच्या विक्री-खरेदीशी संबंध नसलेल्या दोन-चार लोकांनी पाहायचे. यालाच आम्ही क्लीन टीम म्हणतो. बाकीच्यांना एकत्रित, जुनी, नावं काढलेली माहिती. सेबीची नोंदवही आणि क्लीन टीमची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ठेवली म्हणून दुसरी ठेवली असं होत नाही.

उलट दिशेनेही एक पेच आहे. समजा तुमच्या कंपनीला स्वतःच्याच एखाद्या जुन्या संगनमताचा पत्ता लागला आणि दंडात सवलत मिळावी म्हणून आयोगाकडे कबुली द्यायची आहे. आयोगाच्या व्यवस्थेत ही कबुली गुप्त राहते. पहिला येणाऱ्याला जास्त सूट, म्हणून रांगेत धावपळ असते. पण तुम्ही सूचीबद्ध आहात. सेबीच्या लिस्टिंग नियमांतल्या नियम ३० नुसार नियामकाची चौकशी, छापा, दंड अशा गोष्टी शेअर बाजाराला कळवाव्या लागतात, बाहेरून आलेल्या घटनेसाठी साधारण २४ तासांत. आयोगाच्या महासंचालकांच्या पथकाने कार्यालयावर धाड टाकली तर ते सांगावंच लागेल. पण कबुलीचा अर्ज ही ‘घटना’ आहे का? माझं मत: अर्ज हा कोणी तुमच्यावर केलेली कारवाई नव्हे, तो तुमचा निर्णय आहे. तो आज जाहीर केला तर बाकीचे आरोपी कागद जाळायला मोकळे होतील, आणि सेबीला तेही नको असणार. तेव्हा अप्रकाशित माहिती म्हणून कुलपात ठेवा, ज्यांना माहीत आहे त्यांची ट्रेडिंग विंडो बंद करा, म्हणजे त्यांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करू देऊ नका. सगळे वकील माझ्याशी सहमत होणार नाहीत.

आता दुसरा प्रश्न: शब्द कोणाचा?

कायद्यांची भाषा वाचली तर गंमत वाटते. सेबी कायद्याचं कलम ३२ म्हणतं, हा कायदा इतर कायद्यांच्या भरीला आहे, त्यांना कमी करणारा नाही. स्पर्धा कायद्याचं कलम ६२ शब्दशः तेच म्हणतं. शिवाय त्याच कायद्याचं कलम ६० म्हणतं की इतर कायद्यांशी विसंगती आली तर आमचंच चालेल. कलम २१ आणि २१अ नुसार एका नियामकाने दुसऱ्याचं मत मागवावं, ते ६० दिवसांत द्यावं, आणि त्याचा विचार करून कारणं लिहावीत. ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत गाडी चुकणाऱ्या दोन लखनवी सभ्यगृहस्थांसारखी ही रचना आहे. फक्त आपल्याकडे दोघेही आधी मीच म्हणतात.

अमेरिकेने हा गुंता वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे २००७ मध्ये क्रेडिट स्विस विरुद्ध बिलिंग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आरोप होता की नव्या कंपन्यांच्या आयपीओमध्ये बँकांनी संगनमत करून गुंतवणूकदारांना पुढच्या खरेदीच्या अटी लादल्या. हे वागणं सिक्युरिटीज कायद्यानेही गैरच होतं. तरी न्यायमूर्ती ब्रायर यांनी लिहिलेल्या निकालात न्यायालय म्हणालं की इथे मक्तेदारीविरोधी कायदा लागूच होणार नाही. भांडवली बाजाराच्या नियामकाला अधिकार आहे, तो ते वापरतोय, आणि दुसऱ्या कायद्याचे न्यायालयागणिक वेगळे निकाल लागले तर आयपीओचं वैध कामही करायला लोक घाबरतील. १९७५ च्या गॉर्डन खटल्यातही न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या बांधील दलालीच्या दरांना अशीच ढाल मिळाली होती. त्याच वर्षी १ मे रोजी नियामकाने ते दर स्वतःच मोडीत काढले, आणि निकाल आला जूनमध्ये, तेव्हा ढाल मिळाली तोवर ते दर उरलेच नव्हते. इथले वकील अधूनमधून बिलिंगचा दाखला देतात. मी देत नाही. आपल्या संसदेने दोन्ही कायद्यांत ‘भरीला’ लिहून ठेवलंय, आणि इथे हरल्यावर तिप्पट भरपाई मागणारे ज्युरीचे खटलेही नाहीत. ज्या भीतीने ब्रायर यांनी दार बंद केलं ती आपल्याकडे त्या रूपात नाहीच.

आपल्याकडे ढाल नाही, रांग आहे. ५ डिसेंबर २०१८ च्या भारती एअरटेल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दूरसंचारासारख्या क्षेत्रात आधी ट्राय या दूरसंचार नियामकाने आपल्या कायद्याखालचे तांत्रिक प्रश्न ठरवावेत, मग आयोगाने संगनमत झालं का ते पाहावं. आयोगाचा अधिकार संपला नाही, पुढे ढकलला गेला. सेबीच्या क्षेत्रातले लोक हा निकाल लगेच हातात घेऊन धावले. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने डिबेंचर ट्रस्टी (कर्जरोखे घेणाऱ्यांचं हित सांभाळणाऱ्या) कंपन्यांनी संघटनेमार्फत मिळून शुल्क ठरवल्याच्या तक्रारीवर चौकशी लावली, तेव्हा त्या कंपन्या मुंबई उच्च न्यायालयात हाच मुद्दा घेऊन गेल्या: आम्ही सेबीचे, आयोगाने हात लावू नये. माझ्या मते हा मुद्दा ताणलेला आहे. डिबेंचर ट्रस्टीने काय कर्तव्यं पाळावीत हे सेबी सांगते. त्यांनी एकत्र बसून दर ठरवावेत असं सेबीने कधी सांगितलं? पुन्हा तोच माझा पहिला प्रश्न.

ज्याला या विषयाचं मूळ समजून घ्यायचंय त्याने एनएसई या राष्ट्रीय शेअर बाजाराचं प्रकरण वाचावं. पार्श्वभूमी मुंबईची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेअर बाजार म्हणजे दलाल स्ट्रीटवरच्या दलालांचा क्लब होता. त्याला तोड म्हणून एनएसई उभी राहिली, नोव्हेंबर १९९४ मध्ये शेअरचे व्यवहार सुरू झाले आणि वर्षाभरात उलाढालीत बीएसईला, म्हणजे दलाल स्ट्रीटवरच्या त्या जुन्या बाजाराला, मागे टाकलं. म्हणजे मक्तेदारी फोडायलाच जन्माला आलेली संस्था. २००८ मध्ये चलन वायदे (परकीय चलनाच्या पुढच्या दरावरचे करार) सुरू झाले, एनएसईने या विभागात व्यवहार शुल्क माफ केलं. त्याच ऑक्टोबरात एमसीएक्स-एसएक्स हा नवा बाजार आला. त्याला सेबीने परवानगी दिली होती ती फक्त चलन विभागाची. एनएसईकडे शेअर आणि एफअँडओचा (फ्युचर्स-ऑप्शन्सचा) पैसा येत होता, चलन विभाग फुकट चालवला तरी घर चालत होतं. नव्याचं एकुलतं एक दुकान होतं आणि तिथे समोरचा फुकट वाटत होता.

इथे सेबीने काही चुकीचं केलं का? नाही. बाजार सुरक्षित आहे का, दलालांचे पैसे सुरक्षित आहेत का, हे ती पाहत होती. शुल्क शून्य असणं गुंतवणूकदाराला वाईट थोडंच? पण शून्य भावाने प्रतिस्पर्धी मेला तर उद्याचा भाव कोण ठरवेल, हा प्रश्न सेबीच्या कायद्यात सरळ विचारलेला नाही. आयोगाने तो विचारला. २३ जून २०११ च्या आदेशात बहुमताने म्हटलं की हा अन्याय्य भाव आहे आणि एका बाजारातल्या ताकदीचा दुसऱ्या बाजारात वापर आहे. दंड ५५.५ कोटी रुपये. सोबत प्रत्येक विभागाचे हिशेब वेगळे ठेवण्याचा आदेश. आणि एक कमी बोलला गेलेला मुद्दा: दलालांच्या टर्मिनलवरच्या सॉफ्टवेअरला चलन विभागाची जोडणी नाकारल्याबद्दलही ठपका. ऑगस्ट २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने आदेश कायम केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आयोगातच मतभेद होते, काही सदस्यांना हा नव्या बाजाराला रुजवण्याचा साधा प्रयत्न वाटला, आणि ते मत मला कधीच हास्यास्पद वाटलं नाही. चलन वायदे तेव्हा खरंच कोवळे होते. पण स्पर्धक आल्यावरही तीन वर्षं फुकट? तिथे माझं मन बहुमताकडे झुकतं.

याच एनएसईच्या को-लोकेशन (दलालांचे सर्व्हर बाजाराच्या सर्व्हरशेजारी ठेवण्याची सोय) प्रकरणात उलटं घडलं. काही दलालांना सर्व्हरवर आधी माहिती मिळत होती या आरोपावर सेबीने ३० एप्रिल २०१९ रोजी ६२४.८९ कोटी परत करायला लावले (जानेवारी २०२३ मध्ये रोखे अपिलीय न्यायाधिकरणाने ते रद्द करून १०० कोटी गुंतवणूकदार निधीत भरायला सांगितले). त्याच घटनांवर आयोगाकडे आलेली तक्रार प्रथमदर्शनी काही दिसत नाही म्हणून बंद झाली. घटना एक, प्रश्न दोन, उत्तरं दोन. यात विसंगती नाही. काहींना आधी माहिती मिळणं हा बाजाराच्या सचोटीचा प्रश्न आहे. त्यातून बाजारांमधली स्पर्धा मेली असं दरवेळी होत नाही.

आणि शेवटी असं उदाहरण जिथे सेबीने खरोखर ‘करायला सांगितलं’. २०२३ च्या मे महिन्यात बीएसईने सेन्सेक्सचे साप्ताहिक वायदे शुक्रवारच्या एक्स्पायरीने (म्हणजे करार शुक्रवारी संपणारे) पुन्हा सुरू केले, एनएसईचा निफ्टी गुरुवारचा. मग आठवड्याच्या वारांवरून दोघांत ओढाताण लागली. नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने एका बाजाराला एकच साप्ताहिक करार ठेवला आणि मे २०२५ च्या परिपत्रकाने सांगितलं की एक्स्पायरी मंगळवारी किंवा गुरुवारीच. सप्टेंबर २०२५ पासून एनएसई मंगळवारी गेली, बीएसई गुरुवारी. दोन बाजारांनी हॉटेलात बसून ‘मंगळवार तुझा, गुरुवार माझा’ असं ठरवलं असतं तर ते बाजार वाटून घेणं झालं असतं, आणि स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली ते सगळ्यात वाईट मानलं जातं. सेबीने सट्ट्याला आळा घालायला लावलं, म्हणून ते नियमन झालं. आयोग इथे हात घालेल असं मला वाटत नाही. पण उद्या दोघांनी या संधीचा फायदा घेऊन शुल्कही एकाच दिवशी, एकाच आकड्याने वाढवलं, तर परिपत्रकाची ढाल तिथपर्यंत पोचणार नाही. परिपत्रक वारांपुरतं आहे.

तुमच्या कामासाठी आता एवढं करा. पहिला शेअर घ्यायच्या आधी समूहातल्या सगळ्या कंपन्यांची उत्पादनवार यादी आणि समोरच्याची यादी शेजारी शेजारी मांडा. संचालक मंडळाच्या टिपणात ‘धोरणात्मक हिस्सा’, ‘भविष्यात ताब्याची पायरी’ असलं काही लिहिलं असेल आणि त्याच आठवड्यात आयोगासाठी ‘केवळ गुंतवणूक’ असं पत्र तयार होत असेल, तर ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. टिपण मागवायचा अधिकार आयोगाला आहे. शब्द बदलून उपयोग नाही, हेतू ठरवा आणि दोन्हीकडे तोच लिहा. १० टक्क्यांच्या अलीकडे थांबायचं की सूचना देऊन पुढे जायचं, हा निर्णय पहिल्या खरेदीच्या आधीच इतिवृत्तात आणा. आणि ब्रोकरला सांगून ठेवा की ३० दिवसांची घडी पहिल्या खरेदीच्या दिवसापासून सुरू होते, शेवटच्या नाही.